घरी व्हिडिओ लावून करायचा कडक वर्कआउट : दम वाढला, पण गुडघा कुरकुरतोय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

वय 41, राहणार अमळनेर, नोकरी जळगावला, रोज रेल्वेने अपडाऊन. संध्याकाळी जिमला जायचं म्हटलं तर गाडी वेळेवर यायला हवी, म्हणजे जिमचा विषय तिथेच संपला. म्हणून दोन महिन्यांचा एक व्हिडिओ कार्यक्रम घेतला. मोबाईल टीव्हीला जोडायचा आणि समोरचे लोक करतील तसं करायचं. आठवड्यातून सहा दिवस, रोज पाऊण तासाच्या आसपास. डंबेल नाही, मशीन नाही, सगळं आपल्याच वजनावर. नाव लिहीत नाही, कारण कार्यक्रमाबद्दल माझी तक्रार नाही. इन्सॅनिटी नावाच्या गाजलेल्या व्हिडिओ कार्यक्रमाच्या वळणाचा आहे, एवढ्यावरून जाणकारांना कळेल.

पहिला महिना उरकत आलाय. फायदा झाला, हे आधी प्रामाणिकपणे सांगते. गाडी सुटताना डबा आणि पर्स सांभाळत पळाले तरी आता डब्यात बसल्यावर बोलता येतं. झोप गाढ लागते. सलवारीची नाडी आत गेली, वजनकाटा मात्र जवळजवळ तिथेच आहे. चिडचिड कमी झाल्याचं घरच्यांनीच सांगितलं. दर पंधरवड्याला एक चाचणी असते, एकेक प्रकार मिनिटभर करून आकडा लिहायचा. त्यातही दर वेळी सुधारणा आहे.

आता दुसरी बाजू. डावा गुडघा. वाटीच्या भोवती आणि किंचित खाली दुखतं. चढताना विशेष नाही, उतरताना जास्त. जळगाव स्टेशनचा दादरा (जिना) उतरताना कठडा धरते. गाडीत तासभर बसून उठलं की पहिली चार पावलं लंगडत पडतात. खाली बसून भाकरी थापायला त्रास होतो. सूज नाही, गुडघा अडकत नाही. डॉक्टरांना दाखवलं, एक्सरे ठीक आला. त्यांचा सल्ला एवढाच : उड्या बंद करा, चाला. चुकीचा नसेलही, पण चालून मला हा दम आला नसता, हे मी अनुभवाने सांगते.

आमची फरशी स्टाईलची, वर पातळ योगा मॅट, ती सरकते. हॉलमध्येच देवघर असल्याने बूट न घालता करते. खाली भाडेकरू काकू राहतात. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "ताई, वर मिरच्या कांडी राहिनात का?" त्या रागावल्या नव्हत्या, पण मला जे कळायचं ते कळलं.

सासूबाई चहा घेऊन समोर बसतात. त्यांचं निरीक्षण असं की व्हिडिओत मागच्या रांगेत एक बाई उड्या न मारता तेच प्रकार हळू करते. "ती मांगली बाई देख, ती कुठे उड्या मारस?" मी म्हटलं, ती कमी ताकदीच्या लोकांसाठी आहे. त्यावर त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं आणि कप उचलला.

तर विचारायचं असं की, हा गुडघा घेऊन दुसऱ्या महिन्यात शिरू का? तो महिना आणखी लांब आणि आणखी कडक आहे. की पहिलाच पुन्हा करू? फरशीवर काय अंथरावं? आणि आपला उन्हाळा तोंडावर आहे. पहाटे पाचलासुद्धा स्लॅब गरम लागायला लागलाय. एप्रिल-मेमध्ये खानदेशात असं काही कोणी करतं का, केलं असेल तर कसं?

"चालायला जा" एवढंच लिहायचं असेल तर ते डॉक्टरांनी सांगून झालंय.

पांझराकाठ

ताई, मी मूळ इन्सॅनिटी पूर्ण केलेला माणूस. शॉन टी या अमेरिकन ट्रेनरचं, 2009 साली आलेलं, 60 दिवसांचं. तेव्हा धुळ्यात आमच्या कॉलेजच्या पोरांत पेनड्राइव्हवरून ते फिरत होतं. आयुष्यात इतका घाम त्याआधी आणि त्यानंतर कधी गाळला नाही.

एक गोष्ट लोक लक्षात घेत नाहीत. साध्या इंटरव्हल व्यायामात थोडा वेळ जोर लावायचा आणि जास्त वेळ दम खायचा, असं असतं. इन्सॅनिटीने ते उलटं केलं. साधारण तीन मिनिटं पूर्ण जोर आणि मग अर्धा मिनिट विश्रांती. शेवटच्या मिनिटाला पाय थकलेले असतात, उडी कशीही पडते, आणि त्या थकलेल्या पायांवर आपण आणखी उड्या मारतो. म्हणून त्याच व्हिडिओत तो माणूस स्वतःच सारखा सांगत असतो की पद्धत बिघडली तर थांबा. त्याच्या मागचे कसलेले लोकसुद्धा मध्येच थांबतात, बसतात. आपण मात्र टीव्हीसमोर एकटे असून इज्जत सांभाळत बसतो.

दुसरं, मूळ कार्यक्रमात दोन महिन्यांच्या मध्ये अख्खा एक आठवडा हलका ठेवलेला आहे. तोल, पोट आणि मांड्या यांवर काम, उड्या जवळपास नाहीत. आमच्यातल्या निम्म्या पोरांनी तो आठवडा "टाइमपास" म्हणून गाळला होता. तुमच्या कार्यक्रमात तसा आठवडा असेल तर गाळू नका, नसेल तर स्वतः घाला.

मला त्रास झाला नाही, पण मी तेव्हा विशीत होतो आणि वजन 58 किलो होतं. आज माझ्याकडून होणार नाही, खोटं कशाला बोलू. पी90एक्स हा तसाच दुसरा व्हिडिओ कार्यक्रमही बघितला होता, पण त्याला डंबेल आणि लटकायला बार लागतो. आमच्या घरी लटकण्यासारखा एकच पाळणा होता.

भरीतपार्टी

यावलला या. केळीचे घड खांद्यावर घेऊन दोन दिवस ट्रक भरा. फुकट वर्कआउट, वर मजुरी मिळेल. टीव्हीसमोर उड्या मारायचे पैसे देणारी पिढी बघायची राहिली होती.

(धागाकर्ती)

@भरीतपार्टी, घड वाहणाऱ्या माणसांना पन्नाशीनंतर गुडघ्याबद्दल एकदा विचारून बघा भाऊ, मग बोलू. भरीताला मात्र कधीही बोलवा. कळण्याची भाकरी मी आणते.

@पांझराकाठ, हलका आठवडा आहे माझ्या वेळापत्रकात. आणि हो, मीही तो उडी मारून पुढे जायच्या बेतात होते. उडी हा शब्द मुद्दाम वापरला नाही.

सातपुडा_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नंदुरबारला. गुडघ्याला हात न लावता निदान करता येत नाही. त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

जिना उतरताना, खाली बसताना आणि बराच वेळ बसून उठताना वाटीभोवती दुखणं, सूज नाही, अडकणं नाही. हे चित्र आम्हाला फार ओळखीचं आहे. अशा वेळी बहुधा वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधल्या भागावर त्याला सवय नसलेला भार एकदम पडलेला असतो. एक्सरेमध्ये त्यात काही दिसत नाही, म्हणून तो "ठीक" येतो. ठीक म्हणजे दुखत नाही असा त्याचा अर्थ नाही.

उडी मारून खाली येताना पायावर वजनाच्या कितीतरी पट भार येतो. तो मांडी, कुल्हा आणि पोटरीच्या स्नायूंनी झेलायचा असतो. तुमचा दम महिनाभरात वाढला, कारण हृदय आणि फुप्फुसं लवकर जुळवून घेतात. स्नायूबंध आणि सांध्यांना त्याहून जास्त वेळ लागतो. तुमची तक्रार नेमकी या दोन वेगांच्या मधल्या फटीत आहे. म्हणून "सगळं बंद" हे उत्तर मला अर्धवट वाटतं. भार कमी करायचा आणि स्नायू तयार करायचे, दोन्ही एकदम.

तुमच्या सासूबाईंचं बरोबर आहे. मागच्या रांगेतली बाई कमी ताकदीची नसते, ती भार कमी केलेला प्रकार दाखवते. तिच्या मागे महिनाभर जा. हात जोरात चालवा, गती ठेवा, फक्त एक पाय कायम जमिनीवर. दम तितकाच लागेल, करून बघा.

त्याबरोबर आठवड्यातून तीन दिवस वेगळं, वीसेक मिनिटं : खुर्चीवर हळू बसून हळू उठणं, पाठीवर झोपून कंबर वर उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, टाचा वर उचलणं आणि कमी उंचीच्या पायरीवरून हळू उतरणं. कुल्ह्याच्या बाजूचे स्नायू आपल्याकडे कोणी मोजत नाही, आणि गुडघा आत वळतो तो बहुतेक ते कमजोर असल्यामुळेच. आरशासमोर खुर्चीवर बसून-उठून बघा, डावा गुडघा अंगठ्याच्या आत जातो का ते कळवा.

दुखण्याचा हिशेब असा ठेवा. दहापैकी दोन-तीनपर्यंत आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत, तर चालेल. त्याहून जास्त, किंवा दुसऱ्या दिवशी दादरा आणखी अवघड झाला, तर आदल्या दिवशीचं जास्त झालं. सूज, गुडघा अडकणं, पाय अचानक सुटणं, रात्री झोपमोड करणारं दुखणं, यांपैकी काहीही दिसलं तर पुन्हा डॉक्टर.

बूट घाला. देवघराची अडचण असेल तर नवा जोड घ्या आणि तो घराबाहेर नेऊच नका. माझ्या कितीतरी पेशंटनी तसंच केलंय, देवाने कोणाला काही म्हटलेलं नाही. पुढे उड्या परत सुरू कराल तेव्हा खालच्या काकू हे तुमचं सर्वांत स्वस्त उपकरण. त्यांना आवाज गेला नाही तर उडी नीट उतरली.

मेहरूणची_मॉर्निंग

मी जळगावची. असाच कार्यक्रम मागच्या उन्हाळ्याआधी सुरू केला आणि दुसऱ्या महिन्यात सोडला. माझं गुडघ्याचं नाही, नडगीचं होतं. सोडल्याचं वाईट वाटलं नाही, कारण आता आठवड्यातून तीन दिवस त्यातलेच आवडते व्हिडिओ करते आणि बाकी दिवस मेहरूण तलावावर फिरते. सहा दिवसांचं वेळापत्रक बनवणाऱ्याला आपलं धुणं, डबा आणि अपडाऊन माहीत नसतं.

फरशीसाठी : लहान मुलांच्या खोलीत टाकतात त्या एकमेकींत अडकवायच्या जाड फोमच्या मॅट घ्या, सरकत नाहीत. गादी किंवा गोधडीवर अजिबात नको. मऊ जागेवर घोटा मुरगळतो, मैत्रिणीचा मुरगळला.

उन्हाळ्याबद्दल मात्र जरा गंभीरपणे. भुसावळ-जळगावला पारा 45च्या पुढे जातो तेव्हा घरातली हवासुद्धा अंगाला भाजते. सूर्योदयाच्या आधीची वेळच सगळ्यात थंड, संध्याकाळी करायचा विचारही नको, भिंती दिवसभराचं ऊन ओकत असतात. कूलर लावलात तर समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर दमटपणा वाढवतो, मग घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. ऊन वाढतं त्या पहिल्या पंधरवड्यात वेळ आणि जोर दोन्ही कमी ठेवा, शरीराला सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. रात्रीपासून पाणी प्या. खूप घाम गेला तर नुसतं पाणी ढोसू नका, ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू.

घड्याळात नाडी दिसत असेल तर 220 वजा वय हा कमाल नाडीचा ढोबळ हिशेब, म्हणजे तुमचं 179. मी उन्हाळ्यात त्याच्या जवळही जात नाही. सोपी खूण : एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. थंडीत तुकड्यातुकड्यात बोललं तरी चालतं.

सातपुडा_फिजिओ

उन्हाच्या मुद्द्याला जोडून एक. सवय नसताना अति व्यायाम आणि वर उष्णता, यात क्वचित स्नायूंची मोडतोड होऊन त्याचा ताण मूत्रपिंडावर येतो. स्नायू भयंकर दुखणं, सुजणं आणि लघवी काळ्या चहासारखी होणं ही त्याची खूण. तेव्हा घरी लिंबूपाणी पीत थांबायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं यालाही तोच नियम.

(धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. आरशासमोर बघितलं. डावा गुडघा आत जातो, उजवा नाही. इतकी वर्षं याच पायांवर उभी आहे आणि हे कधी दिसलं नव्हतं.

हलका आठवडा पूर्ण करते आहे. त्यानंतर दुसऱ्या महिन्यात जात नाही. पहिल्याच महिन्याचे व्हिडिओ, आठवड्यातून तीन दिवस, मागच्या बाईसोबत. मधल्या दिवशी फिजिओंनी सांगितलेलं. रविवारी काही नाही. मे महिन्यात वीस मिनिटांच्या वर नाही, नाहीतर सुट्टीत भाचरं येतातच, ती पळवतील तेवढं पुरे.

काल मागच्या बाईसारखं करून बघितलं. मला वाटलं होतं कंटाळा येईल. हात वर ठेवून सलग केल्यावर विसाव्या मिनिटाला मीच पॉज दाबलं. सासूबाईंनी काही म्हटलं नाही, पण चहा माझाही केला होता.

मॅट मागवल्या आहेत. बुटांचं बघते. एकच राहिलं : कमी उंचीची पायरी म्हणजे किती? घरात जिना आहे पण त्याची पायरी उंच आहे. लाकडी पाट चालेल का?

सातपुडा_फिजिओ

चार-पाच इंच उंच असेल तर पाट चालेल, पण जेवायचे पाट बहुतेक दोन इंचांचे असतात आणि स्टाईलवर घसरतात. पाट भिंतीला टेकवून फोमच्या मॅटवर ठेवा, एक हात भिंतीला. पहिला आठवडा दोन इंचांवरच करा, दुखलं नाही तरी उंची वाढवायला दुसरा पाट वर ठेवू नका, डगमगतो. त्यापेक्षा सुताराकडून ठोकळा करून घ्या. उजव्या पायानेही तेवढंच करा. तीन आठवड्यांनी दादऱ्याचं काय झालं ते इथेच लिहा.