मिक्सरचे पॉट सहज बदलता यावेत म्हणून रचना कशी ठेवावी?

मंडपवाला_फोंडा
देवळातल्या उत्सवी नाटकांसाठी आणि चवथीच्या आरत्यांसाठी आठ चॅनलचा मिक्सर घरीच जुळवतोय. सर्किट ५५३२ वर (आवाजाचा सिग्नल वाढवणारी ऑप-अँप आयसी), ते जमलंय. घोडं अडलंय पॉटवर, म्हणजे नॉबखालच्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या रेझिस्टरवर. मंडळाचा जुना मिक्सर धूप, गुलाल आणि खारी हवा खाऊन इतका खरखरतो की नटाचं स्वगत ऐकू येत नाही. दुरुस्तीला नेला तर म्हणे अख्खा बोर्डच बदला. नव्यात पॉट थेट बोर्डावर बसवू की वायरींनी जोडू?

हणजुणे_रात्रपाळी
डीजे मिक्सरचा क्रॉसफेडर बघा, एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारा तो सरकता कंट्रोल. बऱ्याच मॉडेलांत तो बोर्डाच्या वेगळ्या पट्टीवर असतो. स्क्रू काढले, केबल उपटली, नवा बसवला. झिजणारच हे बनवणाऱ्यानं आधीच धरलेलं असतं.

रिपेरवाला_म्हापसा
पॉट भाजी-पावाच्या पैशात येतो, मजुरी लागते ती त्याच्यापर्यंत पोचायची. एका पॉटसाठी सगळे नॉब उपटा, सगळे नट सोडा, मग तो लांबलचक बोर्ड बाहेर. म्हणून बाबा, दर चॅनलला वेगळी पट्टी कर. पॉट पॅनलला नटनं आवळ, म्हणजे कोणी नॉबवर हात टेकला तरी भार सोल्डरवर येत नाही.

बोर्डावर बसवलेला काढताना तीन पाय नडत नाहीत, नडतात बाजूचे दोन जाड कान. ते ग्राउंडच्या रुंद तांब्याला सरळ चिकटलेले असले की आयर्नची उष्णता तांबंच पिऊन टाकतं आणि ओढाताणीत सोल्डरखालचं तांब्याचं पॅड उचकटतं. तिथं थर्मल रिलीफ ठेव, म्हणजे पॅड त्या तांब्याला बारीक पट्ट्यांनीच जोड. आणि गेलेला पॉट वाचवत बसू नको, कटरनं पाय कापून एकेक सोडव.

व्हॅल्यू १० के (किलो-ओहम), शाफ्ट ६ मिमी, सगळीकडे एकच जात. खटकेवाले, स्विचवाले नकोत, पुढं मिळता मिळत नाहीत.

बाणावली_साउंड
काका, किनाऱ्यावर पॉटच्या आधी कनेक्टर काळे पडतात. मी वायर थेट पॉटला सोल्डर करतो, फक्त पॉट बाहेर ओढता येईल एवढी लांब ठेवतो.

रिपेरवाला_म्हापसा
शॅकसाठी तेच बरं. फोंड्याला कनेक्टर चालेल.

पण खरखर दर वेळी पॉटचीच नसते हो. पॉटच्या टोकांवर डीसी व्होल्टेज मोजून बघ. सापडला तर आधीचा कपॅसिटर गळतोय, नवा पॉटही खरखरणार.

मंडपवाला_फोंडा
माझ्या सर्किटात पॉटचा वायपर (आतला सरकता संपर्क) सरळ ५५३२ ला जातो. चालेल?

रिपेरवाला_म्हापसा
नाही. ५५३२ चा इनपुट करंट वायपरमधून वाहतो, पॉट जरा झिजला की तोच ऐकू येतो. वायपरनंतर कपॅसिटर घाल आणि त्यापुढं आयसीच्या इनपुटवरून १०० के ग्राउंडला. मग वायपर सुटला तरी इनपुट लोंबकळत राहणार नाही. बोर्ड छापायला देण्याआधी हे बदल.