शब्दचर्चा : ‘टेक्निकल’, ‘फॉर्म्युलेशन’ आणि शीर्षक ३८०८

पुस्तिकाकार : शेतीरसायनांच्या आयातदारांसाठी मराठी पुस्तिका होते आहे. सीमाशुल्क टॅरिफच्या, म्हणजे शुल्कासाठी मालाची वर्गवारी करणाऱ्या सूचीच्या, प्रकरणात तीन शब्द अडलेत : टेक्निकल, फॉर्म्युलेशन आणि शीर्षक ३८०८ (कीटकनाशके, बुरशीनाशके, तणनाशके वगैरे) मधले ‘पुट अप फॉर रिटेल सेल’. मसुद्यात अनुक्रमे ‘तांत्रिक कीटकनाशक’, ‘मिश्रण’ आणि ‘किरकोळ विक्रीसाठी ठेवलेले’ असे आहे. चालेल का?

न्हावाशेवा : तिन्ही बदला. टेक्निकल म्हणजे कारखान्यातून निघालेले मूळ क्रियाशील रसायन, प्रक्रियेत राहिलेल्या अशुद्धीसकट. ड्रमवर, नोंदणी प्रमाणपत्रावर, दलालाच्या तोंडी सगळीकडे ‘टेक्निकल’च असते, तेच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्या. ‘मिश्रण’ तर धोक्याचे. अशुद्धी आहे म्हणजे टेक्निकलही मिश्रणच, असे वाचणारा म्हणेल. टॅरिफच्या अध्याय २९ (सेंद्रिय रसायने) ची टीप १ नेमके उलट सांगते : निश्चित रासायनिक रचनेचे स्वतंत्र सेंद्रिय संयुग अशुद्धी असली तरी २९ मध्येच राहते. ग्लायफोसेट हे तणनाशक टेक्निकल ९५ टक्के असेल तर शीर्षक २९३१. त्याचाच आयसोप्रोपिल अमाइन क्षार, सरफॅक्टंट (पृष्ठताण कमी करणारा पदार्थ) आणि पाणी मिळून ४१ टक्के एसएल (पाण्यात विरघळणारे द्रव फॉर्म्युलेशन) झाले की उपशीर्षक ३८०८ ९३. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचे टेक्निकल २९३३, १७.८ टक्के एसएल ३८०८ ९१.

पुस्तिकाकार : म्हणजे पाण्यात विरघळवले की फॉर्म्युलेशन, असे सोपे करून लिहू का?

न्हावाशेवा : नको हो, तिथेच माणसे फसतात. पाण्यातले द्रावण तीच टीप चालवून घेते. पॅराक्वॅट डायक्लोराइड टेक्निकल पाण्यात विरघळलेल्या रूपातच येते, तेवढ्याने ते २९ च्या बाहेर जात नाही. साठवणीसाठी किंवा वाहतुकीसाठी घातलेला स्थिरकारकही चालतो. इतर द्रावक असेल तर तो फक्त सुरक्षिततेसाठी वा वाहतुकीसाठी नेहमी लागणारा हवा आणि त्यामुळे माल एखाद्या विशिष्ट वापराजोगा होता कामा नये. प्रसारक, ओला करणारा घटक, इमल्सिफायर पडले की तो फवारणीचा माल झाला. शब्द ‘सिद्ध द्रव्य’ वगैरे करत बसू नका, ‘फॉर्म्युलेशन’ शेतकऱ्यालाही कळते.

डांबरगोळी : तिसऱ्या शब्दाबद्दल. ‘ठेवलेले’ म्हटले की दुकानातले फळीवरचे दिसते. इथे मुद्दा रूपाचा आणि बांधणीचा आहे, म्हणून ‘किरकोळ विक्रीच्या रूपात वा बांधणीत असलेले’ असे करा. शुद्ध नॅफ्थलीन पोत्यात भरून आले तर २९०२. त्याच्याच डांबरगोळ्या करून आणल्या तर ३८०८. रसायनात काडीचा फरक नाही. विभाग ६ ची टीप २ हेच सांगते : किरकोळ बांधणीमुळे ३८०८ मध्ये जाणारा माल तिथेच जायचा, इतरत्र नाही. म्हणून शंभर मिलीची बाटली, तिच्यावर विषाची खूण आणि फवारणीचे प्रमाण छापलेले असेल, तर आत शुद्ध संयुग आहे हा युक्तिवाद टिकत नाही.

बागायतदार : एक भर. पुस्तिकेत ‘औषध’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. आपल्याकडे फवारणीचे सगळेच औषध, पण टॅरिफमध्ये औषधे अध्याय ३० मध्ये. ‘कीटकनाशक’ही दोन मापांचे आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात त्यात बुरशीनाशक आणि तणनाशकही येतात. टॅरिफमध्ये मात्र ३८०८ ९१ कीटक, ९२ बुरशी, ९३ तण आणि वाढनियंत्रक. नोंदणीवर ‘कीटकनाशक’ आहे म्हणून मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या पुड्याला ९१ लावणारे आहेत.

पुस्तिकाकार : आणि ‘संजीवक’?

बागायतदार : द्राक्षवाल्यांचा शब्द, चांगला आहे, पण सैल. जीए, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड, याचे फॉर्म्युलेशन वाढनियंत्रक म्हणून ३८०८ ९३. समुद्री शेवाळाचा अर्क किंवा ह्युमिक अ‍ॅसिड यांनाही दुकानदार संजीवकच म्हणतो. ते खत नियंत्रण आदेशात २०२१ पासून बायोस्टिम्युलंट (पिकाच्या वाढीला चालना देणारे पदार्थ). त्या व्याख्येतून वाढनियंत्रक स्पष्टपणे वगळले आहेत. टॅरिफमध्ये बायोस्टिम्युलंट नावाचे शीर्षकच नाही, त्यामुळे घटक पाहूनच जागा ठरवावी लागते. झिंक सल्फेट तर आणखी वेगळे : अध्याय ३१ (खते) च्या टीप ६ नुसार ‘इतर खते’ (३१०५) व्हायला नत्र, स्फुरद, पालाश यांपैकी एक तरी आवश्यक घटक म्हणून हवा. जस्त त्यात नाही, म्हणून २८३३ (सल्फेटे). शेतकऱ्याच्या भाषेत खत असले तरी.

न्हावाशेवा : हा फरक पैशात बोलतो. ३१०५ च्या खतावर आयजीएसटी (आयातीवरचा एकात्मिक वस्तू व सेवा कर) ५ टक्के, ३८०८ च्या बहुतेक मालावर १८.

प्रयोगशाळेकडून : नमुना तपासणीबद्दल एक परिच्छेद टाका. नमुन्यासोबत प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या मेमोवर फक्त ‘हे कीटकनाशक आहे का?’ असे विचारले तर उत्तर ‘होय’ येते आणि वर्गीकरण आहे तिथेच राहते. विचारायचे असे : क्रियाशील घटक किती टक्के? माल निश्चित रचनेचे एकच संयुग आहे का? सरफॅक्टंट, वाहक भुकटी, द्रावक आढळले का? अहवाल येईपर्यंत माल अडकू नये म्हणून सीमाशुल्क कायद्याच्या कलम १८ खाली बाँडवर तात्पुरती आकारणी मागता येते. बिल ऑफ एंट्रीत (आयात मालाच्या सीमाशुल्क विवरणपत्रात) वर्णन ‘अ‍ॅग्रोकेमिकल’ एवढेच नको. नाव, टक्केवारी, प्रकार (टीसी, एसएल, डब्ल्यूपी म्हणजे पाण्यात मिसळायची भुकटी), बांधणी आणि नोंदणी क्रमांक लिहा. सोबतच्या घटकपत्रातल्या टक्क्यांची बेरीज १०० व्हायला हवी. ९५ टक्के टेक्निकल म्हणून आलेल्या मालाच्या घटकपत्रात उरलेले ५ टक्के नुसते ‘इतर’ असतील, तर पहिली विचारणा त्याचीच होते.

पुस्तिकाकार : टक्के रकान्यात ‘इतर’ चालणार नाही, हे ठळक छापतो. टीसी म्हणजे टेक्निकलचेच संक्षिप्त ना?

प्रयोगशाळेकडून : हो. आणि टीके म्हणजे टेक्निकल कॉन्सन्ट्रेट, जाणूनबुजून पातळ केलेले किंवा द्रावकातून वेगळे न काढलेले. पॅराक्वॅटच्या ड्रमवर तेच असते. टीके दिसले की आधी कशात पातळ केले ते विचारा.