वडिलांची शुगर आणि मोबाईलवरचे व्हिडिओ, नक्की ऐकायचं कोणाचं?

मीनल_कराड
नमस्कार मंडळी. माझे पप्पा ६७ वर्षांचे, शुगर निघून बरीच वर्षं झाली. सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी घेतात, इन्सुलिन नाही. डॉक्टर चांगले आहेत पण बाहेर एवढी गर्दी असते की आत गेलं की पाच मिनिटांत बाहेर, विचारायचं सगळं राहूनच जातं. मग घरी आले की पप्पा मोबाईल घेऊन बसतात. एक जण म्हणतो भात बंद, दुसरा म्हणतो भात चालतो, तिसरा म्हणतो साखर सोडा आणि गूळ खा. आता मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर कुणीतरी डायबेटिस रिव्हर्सचा व्हिडिओ टाकलाय, दिवसातून दोनदाच जेवायचं, मधे काही नाही. ते त्यांनी मनावर घेतलंय, नाश्ता बंद, गोळी मात्र सकाळीच चालू. काल अकराच्या सुमाराला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, आईने साखरपाणी दिलं तेव्हा कुठे बरं वाटलं. ते म्हणतात शरीर डिटॉक्स होतंय! बघू नका म्हटलं की त्यांना वाईट वाटतं, आणि ते स्वतःच्या तब्येतीत लक्ष घालतायत हे मला मनापासून आवडतं. पण यातलं खरं काय धरायचं हे तुम्ही कसं ठरवता?

सदाकाका
मीनल, बाकी सगळं नंतर, आधी घामाचं बघ. डिटॉक्स नाही ते, शुगर लो झाल्याची लक्षणं आहेत. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो नसो शरीराला इन्सुलिन सोडायला लावतं, त्यामुळे गोळी घेऊन उपाशी राहणं धोक्याचं. आजच डॉक्टरांना फोन कर आणि ते सांगेपर्यंत नाश्ता चालू ठेवा. परत तसं झालं तर शुगरच्या मशीनवर बघायचं, ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायचं. मशीन हाताशी नसेल तर शोधत बसू नका, आधी साखर द्या. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

नवा_गडी_४२
काकांचं बरोबरच आहे पण दोन वेळा जेवणाला सरसकट नावं ठेवू नका एवढंच म्हणेन. मला गेल्या वर्षी शुगर निघाली, नुसती मेटफॉर्मिन होती, वजन भरपूर होतं. डॉक्टरांना विचारून दोन जेवणांवर आलो, रोज चाललो, दहाएक किलो उतरलं, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ६ च्या खाली आलं आणि डॉक्टरांनीच गोळी थांबवली. व्हिडिओत सांगतात ते सगळं थापा नसतं.

वर्षा_आहारतज्ज्ञ
दादा तुमचं उदाहरण फार चांगलं आहे आणि मीनलताईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. तुम्ही ४२ चे, शुगर नवीन, वजन जास्त, गोळी अशी की एकटी घेतली तर सहसा शुगर लो करत नाही. पप्पांचं यातलं जवळजवळ काहीच जुळत नाही. ब्रिटनमधला डायरेक्ट नावाचा अभ्यास या व्हिडिओंमध्ये बऱ्याचदा सांगतात. २०१७ साली आला, त्यात वर्षभरानंतर ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती, हे खरंय. पण डायबेटिस निघून ६ वर्षांपेक्षा जास्त झालेले किंवा इन्सुलिनवर असलेले लोक त्यात घेतलेच नव्हते, आणि औषधं बंद केली तीही देखरेखीखाली. व्हिडिओत हा भाग गाळतात. म्हणून मी पेशंटना सांगते, कुठलीही माहिती ऐकली की पहिलं विचारा, हे कुणासाठी सांगितलंय? वय किती, शुगर किती जुनी, गोळी कुठली, किडनीचे रिपोर्ट कसे आहेत? हे कळत नसेल तर ऐकायला हरकत नाही पण करून बघू नका.

गूळ आणि साखर शुगरच्या हिशोबात सारखेच धरा. भातही बंद नको, वाटीच्या मापाने घ्या, सोबत डाळ आणि भाजी जास्त. भाकरी चांगलीच, पण चार खाल्ल्या तर तीही शुगर वाढवणारच.

मेडिकलवाला_सांगली
दुकानात रोज कुणीतरी काढ्याची जाहिरात दाखवतं, डायबेटिस मुळापासून बरा म्हणून. अहो औषधाने डायबेटिस बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे असा दावा दिसला की तिथेच थांबायचं. काढा चालू करून गोळी परस्पर बंद करणारे बघितले की जीव तुटतो. आणि ताई, पप्पांना स्वतःच्या तब्येतीत रस आहे ना, मग त्यांच्या हातात वही द्या. तारीख, उपाशीपोटीची शुगर, जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनीची शुगर, काय खाल्लं ते. बोटं धुऊन कोरडी करूनच टोचायचं, आंबा नाहीतर केळं खाल्लेल्या हाताने आकडा खोटाच वाढून येतो. पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहून न्यायचे, पाच मिनिटांत तीन होतात. डॉक्टरांकडे वेळच नसेल तर गावातल्या आरोग्यवर्धिनी केंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात विचारा, तिथे तिशीच्या पुढच्यांची शुगर आणि बीपी तपासतात आणि मराठीत नीट समजावून सांगतात.

मीनल_कराड
सगळ्यांचे मनापासून आभार. सदाकाकांचं वाचलं आणि लगेच फोन केला, डॉक्टरांनी सांगितलं नाश्त्याशिवाय ही गोळी घ्यायची नाही, उद्याच घेऊन या, डोस बघतो. वर्षाताईंचा मेसेज पप्पांना मोठ्याने वाचून दाखवला, ते म्हणाले मग हे व्हिडिओत का नाही सांगत. वही आणलीय. पहिला प्रश्न त्यांनीच लिहिलाय, श्रावण सोमवारचा उपास धरला तर गोळीचं काय करायचं. आणखी काय विचारावं?

सदाकाका
डोळ्याचा पडदा आणि पायांची तपासणी शेवटची कधी झाली ते विचार, दोन्ही वर्षातून एकदा हवं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ व्हिटॅमिन तपासायचं का तेही.