मदत हवी आहे: एआयचा वापर सांगणाऱ्यालाच शिक्षा होणार नाही, असा नियम कसा लिहावा?

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांनी प्रकल्प अहवालांत कृत्रिम बुद्धिमत्ता कुठवर वापरावी, याचा विभागापुरता मसुदा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि एका मुद्द्यावर मी अडले आहे.

मागच्या सत्रात एका विद्यार्थिनीने करवीर तालुक्यातील गुऱ्हाळांवर प्रकल्प केला. तिची वही मी स्वतः चाळली आहे. काहिलीतल्या रसात भेंडीचे पाणी घातल्यावर मळी कशी वर येते, एका आदणाला (काहिलीभर रसाच्या एका खेपेला) चिपाड किती लागते, गुळव्याची (गूळ करणाऱ्या कारागिराची) मजुरी कशी ठरते, हे सगळे तिने चुलवाणाशेजारी बसून टिपले होते. तिचे शिक्षण मराठी माध्यमातले आणि अहवाल मात्र इंग्रजीत द्यायचा, म्हणून तिने चॅटजीपीटीकडून व्याकरण तपासून घेतले व तसे प्रस्तावनेत लिहिलेही. सॉफ्टवेअरने अहवालाचा बराचसा भाग यंत्रलिखित ठरवला आणि तिच्याच त्या वाक्याचा आधार घेऊन तिचे गुण कापले गेले. त्याच वर्गातील दुसऱ्या अहवालाच्या संदर्भसूचीत दोन लेख असे होते की नियतकालिक खरे, अंकही खरा, पण त्या पानांवर भलताच मजकूर, म्हणजे हे संदर्भ बहुधा एआयनेच रचलेले. त्या विद्यार्थ्याने काहीच सांगितले नव्हते, त्यामुळे त्याला कोणी काही विचारलेही नाही. हे मला अजून सलते.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे २०१८ चे विनियम आम्ही पाहिले. त्यांत शोधप्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही आणि साम्य ६० टक्क्यांपुढे गेल्यास नोंदणी रद्द होते. परंतु हे साम्य आधीपासून उपलब्ध असलेल्या मजकुराशी ताडून पाहिलेले असते. यंत्रलिखित असण्याचा टक्का हा केवळ अंदाज असतो, आणि तो ताडून पाहायला मूळ मजकूरच नसतो. दोन्ही टक्के एकाच तराजूत तोलणे मला मुळातच चुकीचे वाटते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेदेखील यंत्रलिखित मजकूर ओळखणारे आपले साधन अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये बंद केले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना असे आढळले की, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंधही अशी साधने मोठ्या प्रमाणावर यंत्राचे ठरवतात. आमच्या वर्गातली जवळपास सगळी मुले याच गटातली आहेत.

म्हणून मसुद्यात मी लिहिले आहे की सॉफ्टवेअरचा निकाल हा एकटा पुरावा धरू नये. शंका आल्यास क्षेत्रकार्याची वही आणि आधीचे कच्चे खर्डे पाहून तोंडी विचारणा करावी. मुलाखत दिलेल्या माणसाचे नाव, गाव किंवा कर्जाचा तपशील कोणत्याही साधनात टाकू नये, हेही त्यात आहे आणि त्यावर कोणाचा आक्षेप नाही.

अडचण नोंदीच्या कलमाची आहे. ‘वापर केल्यास नमूद करावे’ एवढेच लिहिले, तर मागच्या सत्रातला प्रकार पाहिलेली मुले गप्प बसतील. कोणत्या कामासाठी साधन वापरले तर गुणांवर परिणाम होणार नाही, हे नोंदीच्या नमुन्यातच छापावे का? व्याकरण आणि भाषांतर त्यात घ्यावे असे माझे मत आहे. सहकाऱ्यांपैकी काहींना भाषांतर मान्य नाही. ज्यांच्या विभागात असा नमुना प्रत्यक्ष वापरात आहे, त्यांनी त्यातील नेमकी वाक्यरचना येथे द्यावी, आणि मुले ती नोंद खरोखर भरतात का, हेही कळवावे, ही विनंती.