लिफ्टमधली लाल माती

२०४ काकू: गुड मॉर्निंग. आज परत लिफ्टमध्ये लाल चिखल. हा दुसरा रविवार. शनिवारीच फरशी पुसून घेतली होती.

सेक्रेटरी अण्णा: काकू, नाव घेऊन बोला की. सगळ्यांना माहीत आहे.

२०४ काकू: मी कशाला नाव घेऊ. फोटो टाकलाय. चाकाची नक्षी ज्यांची असेल त्यांनी ओळखावी.

३०१ भाऊजी: आमचीच आहे काकू, चुकलं. राजहंसगडावरून उतरताना येळ्ळूरजवळ पावसानं गाठलं. घरी आलो तेव्हा बोटं वळत नव्हती, सायकली तशाच वर नेल्या. आत्ता फडकं घेऊन खाली येतो.

४०३ काका: चिखल पुसून जाईल हो. पहाटे साडेचारला गेट किंचाळतंय त्याचं काय? माझी बेडरूम नेमकी गेटवर. रविवारी माणसानं झोपायचं कधी?

४०३ काका: आणि एवढं काय करूलालेत दोघं? पोट कमी करायचंय तर व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चालायला या. आम्ही येतो की.

३०१ भाऊजी: काका, डिसेंबरात कन्याकुमारीला निघतोय. इथून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून गोवा. तिथून किनारा धरून कारवार, मंगळूर, कोची. सगळं मिळून साधारण १२०० किमी. दिवसाला ७०-८०, दर पाचव्या दिवशी विश्रांती. २० दिवस धरलेत.

४०३ काका: कन्याकुमारी??

४०३ काका: हा मेसेज डिलीट केला आहे

सेक्रेटरी अण्णा: वाचलाय मी काका 😄

४०३ काका: बरं, एक सांगतो. आपलं बेळगाव २५०० फुटांवर. गोवा समुद्राला. म्हणजे गोव्यापर्यंत नुसता उतार. पायडल मारायची गरजच नाही. मग एवढी प्रॅक्टिस कशाला?

बी-विंग पोरगा: काका, एकदा याच माझ्याबरोबर 🙏 जांबोटीच्या पुढं चढ-उतार मोजता मोजता जीव जातो. आणि घाटाचा उतार म्हणजे आराम नव्हे. मागं सामानाच्या दोन बॅगा, समोर वळण. सारखा ब्रेक धरून ठेवला तर रिम तापते. दाबायचा, सोडायचा, वळणाच्या आधीच स्पीड कमी करायचा. किनारासुद्धा सपाट नाही. कारवारच्या खाली टेकड्याच टेकड्या आहेत.

बी-विंग पोरगा: ३०१ काका, तुमचं वेळापत्रक बघितलं. रविवारी १०० आणि मग आठवडाभर काहीच नाही, हे बदला. मी २०० किमीची ब्रेव्हे केलीय, म्हणजे ठरल्या वेळेत संपवायची लांब राइड, २०० साडेतेरा तासांत. तिथं एकदाच मरायचं असतं. तुम्हाला दुसऱ्या दिवशी उठून परत त्याच सीटवर बसायचंय. शनिवारी ६० आणि रविवारी ६० करा, तेही सामान लादून. मोकळी सायकल आणि लादलेली सायकल, दोन वेगळी जनावरं आहेत.

२०४ काकू: सीटवरनं आठवलं, ते जाडजूड मऊ कव्हर मिळतंय बघा. माझ्या भाच्यानं घेतलंय.

बी-विंग पोरगा: नको काकू. फार मऊ असलं की बसायची हाडं आत रुततात आणि नको तिथं दाब येतो. तासाभरानंतर कळतं. बाकी पॅडवाल्या चड्डीचं मी काकांना पर्सनलला सांगतो, ग्रुपवर नको.

सेक्रेटरी अण्णा: कृपया विषयाला धरून.

तळमजला सर: दिशा योग्य निवडली आहे. पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो, तो बहुधा वायव्येकडचा. उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीला थोडा तरी लागेल. कन्याकुमारीहून इकडं आला असता तर रोज दुपारी तोंडावर घेतला असता. भूगोल शिकवताना हे मुलांना सांगायचो, सायकलवाल्याच्या कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

१०२ धारवाड अंकल: हौदु सर. आणि ३०१, कुमट्याला माझी अक्का राहते, हायवेपासून जवळ. तुम्ही लॉज घेऊ नका तिकडे. मी फोन करून ठेवतो. एक लक्षात ठेवा, आमच्या लोकांना 'इन्नू एष्टु दूर', म्हणजे अजून किती लांब, विचारलं की 'इल्ले, मुंदे', म्हणजे इथंच, पुढं, सांगतात. ते इल्ले म्हणजे पाच किलोमीटर पण असू शकतं, पंधरा पण.

३०१ भाऊजी: अंकल, फार उपकार. रोज संध्याकाळी लोकेशन टाकत जाऊ ग्रुपवर.

४०३ काका: तुम्ही जाल हो. वहिनींना कशाला त्रास?

३०१ वहिनी: आता मी लिहिते. ह्यांनी लिहिलं तर सगळं किलोमीटरमध्ये लिहितात.

काका, त्रासाचं म्हणाल तर पहिले दोन महिने झाला. शेजारच्यांना ऐकूही गेला असेल. झालं असं की हे पुढं जायचे. पुढं जाऊन झाडाखाली थांबायचे, पाणी प्यायचे, दम घ्यायचे. मी धापा टाकत पोचले की "चल" म्हणायचे, आणि पाय पायडलवर. थांबा रोज ह्यांना मिळायचा. मला एकदाही नाही. वर ह्यांचं म्हणणं, मी दर वेळी तुझ्यासाठी थांबतो.

जांबोटीच्या अलीकडं एका चढावर मी उतरले. सायकल मैलाच्या दगडाला टेकवली आणि पिशवीतली केळी काढली. माझं खाल्लं. मग ह्यांचंही खाल्लं. फोनला रेंज नव्हती. पाऊण तासानं हे उलटे आले, तोंड एवढंसं झालेलं. मी सालं दाखवली.

त्या दिवसापासून मी पुढं. चढ असो, सपाटी असो, स्पीड माझा. दहा मिनिटं थांबायचं तर ती मागचा माणूस उतरल्यापासून मोजायची. पाने, ट्यूबा, पंप, औषधं सगळं ह्यांच्या बॅगेत. माझ्याकडं नुसते कपडे. त्यानं पायातला फरक बराच भरून निघतो. आणि चढावर दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. बोलणं तुटायला लागलं की गियर हलका करायचा, मग घड्याळ काही का सांगेना. आता अडचण एकच, हे मागं राहून अखंड बोलत असतात.

२०४ काकू: वहिनी 😂😂 आमचे हे बाजारात पण असेच पुढं जातात.

तळमजला सर: केळ्यांचा प्रसंग उत्तम.

बी-विंग पोरगा: काकी, दोन केळी खाल्लीत ते शास्त्राला धरूनच. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब लागतात, एका केळ्यात साधारण २५. भूक लागायची वाट बघायची नाही. एकदा गळाठलात की मग काही खाल्लं तरी तासभर पाय येत नाहीत. चिक्की, राजगिऱ्याचा लाडू खिशात ठेवा, बॅगेत नको. बॅगेत असलं की काढायचा कंटाळा येतो.

२०४ काकू: कुंदा देते मी दोन किलो.

३०१ भाऊजी: काकू, दोन किलो म्हणजे माझ्या दोन ट्यूबा, पंप आणि सगळे पाने मिळून. आणि किनाऱ्याच्या उकाड्यात टिकायचा नाही. पाव किलो द्या, चोर्ल्याच्या माथ्यावर संपवतो.

४०३ काका: पंक्चर झालं तर? तिकडं कोण बसलंय?

३०१ भाऊजी: ते शिकलो. आणि कुणाकडून म्हणाल तर आपल्या वॉचमन मामांकडून. मागच्या आठवड्यात एकाच चाकाला तीन वेळा पंक्चर. पॅच लावायचो, दुसऱ्या दिवशी परत हवा गायब. मामा बघत होते, बघत होते, शेवटी उठले. बादलीत ट्यूब फिरवून बुडबुडा धरला. मग ट्यूब बाजूला ठेवून खोलीतनं कापूस आणला आणि टायरच्या आतनं गोल फिरवला. एका जागी कापूस अडकला. बारीक तार, नखाच्या टोकाएवढी. बोटाला लागत नव्हती, डोळ्याला दिसत नव्हती. मी तीन दिवस ट्यूबेलाच दोष देत होतो.

मामा येळ्ळूरचे. उद्यमबागेत फौंड्रीत होते तेव्हा वर्षानुवर्षं सायकलनं ये-जा, रात्रपाळी करून पहाटे घरी. गियर नाही, हेल्मेट नाही, पुढं डबा अडकवलेला. त्यांना मी कन्याकुमारीचं सांगितलं तर म्हणाले, "तिथं काय काम हाय?"

४०३ काका: बरोबर विचारलं मामांनी.

सेक्रेटरी अण्णा: आता निर्णयाचं बोलू. गेटचं काय करायचं?

३०१ वहिनी: बिजागरीत सायकलच्या चेनचं तेल सोडलंय आत्ताच, खालच्या आणि वरच्या. काका, गॅलरीतनं बघा, उघडून दाखवते.

४०३ काका: बघितलं. कडीचा आवाज येतोय अजून.

३०१ वहिनी: कडीला फडकं गुंडाळते. आणि साडेचार नाही, आता सव्वापाचला निघणार. चोर्ल्याच्या रस्त्याला पहाटे गोव्याला जाणाऱ्या भाजीच्या गाड्या असतात. अंधारात त्यांच्या पुढं चालवायचं धाडस मला नाही. मागं लाल दिवा आहे, अंगात चमकणारं जाकीट आहे, तरी उजाडायच्या सुमारासच शहराबाहेर पडायचं ठरवलंय.

४०३ काका: सव्वापाचला मी उठलेलाच असतो.

सेक्रेटरी अण्णा: मग तक्रार कसली होती काका?

४०३ काका: ती साडेचारची होती.

१०२ धारवाड अंकल: अक्काशी बोललो. ती विचारते, शाकाहारी की मासे चालतात.

३०१ भाऊजी: चालतात!!

३०१ वहिनी: मला फक्त भात आणि सोलकढी. पोचल्यावर पहिले दोन तास मला काही विचारू नका म्हणावं.

सेक्रेटरी अण्णा: ठरलं. पावसाळी दिवसांत सायकली पार्किंगच्या नळावर धुऊनच लिफ्टमध्ये. लिफ्टसमोर टाकायला काथ्याची दोन पायपुसणी आणलीत. ३६० रुपये. मेंटेनन्समध्ये धरतो.

२०४ काकू: दोनाला ३६०?? गणपत गल्लीत शंभराला एक मिळतंय. बिल टाका ग्रुपवर.