केराटोकोनस : दोन मशीन, दोन रिपोर्ट. क्रॉस-लिंकिंग करायचं का?

भाचा, वय १६. केराटोकोनस आहे, म्हणजे कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. ॲलर्जी आहे, डोळे सतत चोळतो. डाव्या डोळ्याचे आकडे असे: मार्चमध्ये पेंटाकॅमवर (कॉर्नियाचे स्कॅन घेणारं मशीन) केमॅक्स, म्हणजे सर्वाधिक वक्रता, ५१.२ डायॉप्टर, सर्वांत पातळ जागा ४४६ मायक्रॉन. सप्टेंबरमध्ये दुसरीकडे प्लॅसिडो टोपोग्राफीवर (डोळ्यावर वर्तुळं पाडून वक्रता मोजणारी तपासणी) सर्वाधिक वक्रता ५२.६, आणि अल्ट्रासाउंडने मधोमध जाडी ४३८. सॉफ्ट लेन्स दुसऱ्या तपासणीच्या फक्त दोन दिवस आधी काढली होती. आजार वाढला असं समजायचं का? एवढ्या जाडीवर क्रॉस-लिंकिंग (रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरणं वापरून कॉर्निया घट्ट करणारा उपचार) होतं का?

प्रतिसाद १
हे आकडे एकमेकांशी ताडूच नका. प्लॅसिडो कॉर्नियाच्या पुढच्या पृष्ठभागावरची वर्तुळं वाचतं, मागची बाजू त्याला दिसत नाही. डोळा कोरडा असला तरी वर्तुळं तुटतात. पेंटाकॅम दोन्ही पृष्ठभाग मोजतं, आणि केराटोकोनसची सुरुवात बरेचदा मागच्या बाजूलाच आधी दिसते.

सॉफ्ट लेन्स दोन आठवडे बंद ठेवा (सेमी-सॉफ्ट असती तर चार), मग जुन्याच मशीनवर लागोपाठ तीन स्कॅन घ्या. रिपोर्टवर क्यूएसपुढे (स्कॅनचा दर्जा) 'ओके' नसेल तो स्कॅन बाद. तिन्हींत केमॅक्स एकमेकांपासून डायॉप्टरभर हलत असेल, तर तेवढ्याच फरकाला वाढ म्हणता येत नाही. मागचं एलेव्हेशन (मागच्या पृष्ठभागाचा उंचवटा) आणि पातळ जागेची जाडीही बघा. मात्र या वयात 'वर्षभर वाट बघू' नको, तीन महिन्यांत परत तपासा. चोळणं आजच थांबवा. ॲलर्जीचे थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्रतिसाद २
जाडीबद्दल. ४३८ मधोमधची आहे, सर्वांत पातळ जागेची नव्हे. ड्रेस्डेन पद्धतीत (क्रॉस-लिंकिंगची मूळ पद्धत) एपिथेलियम, म्हणजे कॉर्नियाचा वरचा थर, काढल्यावर किमान ४०० मायक्रॉन उरायला हवेत, नाहीतर अतिनील किरणं एंडोथेलियमला (कॉर्नियाचा सर्वांत आतला थर) इजा करू शकतात. एपिथेलियम साधारण ५० चं, म्हणजे ४४६ मधूनही ३९६ च उरतात. पण शंकूच्या टोकावर ते पातळ असतं, म्हणून एएस-ओसीटीवर (डोळ्याच्या पुढच्या भागाचे थर दाखवणारा स्कॅन) एपिथेलियल मॅप काढून घ्या. तिथे ४० निघालं तर ४०६ हाती राहतात.

डेक्स्ट्रानवालं रायबोफ्लेविन अर्ध्या तासात कॉर्निया आणखी पातळ करतं. त्यामुळे किरणं सुरू करण्याआधी जाडी परत मोजणार का, आणि कमी भरली तर हायपो-ऑस्मोलर (कॉर्नियाला पाणी शोषायला लावणाऱ्या) थेंबांनी फुगवणार का, हे सर्जनना आधीच विचारा.

धागाकर्ता
झाल्यावर लगेच स्कॅन करायचा का?

प्रतिसाद २
महिन्याभरात केमॅक्स थोडा वाढलेला दिसतो, त्याला घाबरू नका. तेव्हा ओसीटीवर सुमारे ३०० मायक्रॉन खोलीवर डिमार्केशन लाइन (उपचार कुठवर पोहोचला ते दाखवणारी रेघ) दिसते का, तेवढं बघा. आकड्यांची खरी तुलना सहा महिन्यांनंतर.