डिस्क 'स्लो' आहे, हे मराठीत कसं लिहाल?

महाप्याचा सपोर्टवाला
ठाण्यातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर आमच्याकडे व्हीएमवर, म्हणजे मोठ्या यंत्रात सॉफ्टवेअरने उभारलेल्या संगणकावर, चालतो. दुपारी खातेदारांची गर्दी झाली की हिशेबाचं सॉफ्टवेअर ढिम्म. संचालक मंडळापुढे ठेवायला अहवाल मराठीत हवाय. आमच्या साहेबांनी लिहून पाठवलं, 'डिस्कची गती मंदावली आहे.' लगेच सचिवांचा फोन: मग नवी डिस्क टाका, खर्च मंजूर करून घेतो! आता त्यांना कसं सांगू की बदलायला डिस्क हातात येणारच नाही, ती स्टोरेजवर पडलेली एक फाइल आहे? मंद, संथ, विलंब, दिरंगाई यातलं काय लिहू?

ठाणेकर मास्तर
दिरंगाई मुळीच नको. त्यात कुणाच्या तरी हलगर्जीपणाचा वास आहे. २००५ चा तो बदल्यांचा कायदा आठवा. त्याच्या नावात 'विलंबास प्रतिबंध' असा सोवळा शब्द आहे, पण लोक त्याला दफ्तरदिरंगाईचा कायदा म्हणतात, कारण त्यांना राग काढायचा असतो. 'संथ' तर कौतुकाचा शब्द, नदीला वापरतात. आणि 'मंद' हा अंगचा गुण: ज्योत मंद, बुद्धी मंद. सचिवांना डिस्कमध्येच खोट दिसली, त्यात त्यांचं काय चुकलं?

धीमी लोकल ठाण्याला वेळेवर येते, तिला उशीर झाला असं कुणी म्हणत नाही. उलट जलद गाडी मुलुंडच्या पुढे सिग्नलला उभी राहिली तर ती 'खोळंबली'. तेव्हा तुमची डिस्क धीमी आहे की खोळंबलीये, ते आधी सांगा.

ऐरोलीची अॅडमिन
मास्तर, आम्हीसुद्धा पहिला प्रश्न हाच विचारतो, फक्त आकड्यांत. व्हीएम चालवायला तुमचं व्हीएमवेअर असेल तर त्याच्या ईएसएक्सटॉप या मोजणीच्या साधनात तीन रकाने बघा. डीएव्हीजी म्हणजे खऱ्या स्टोरेजने घेतलेला वेळ, केएव्हीजी म्हणजे हायपरव्हायझरच्या (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आत गेलेला वेळ, आणि दोन्हींची बेरीज जीएव्हीजी, जी व्हीएमला भोगावी लागते. डीएव्हीजी सतत वीस-पंचवीस मिलिसेकंदांच्या वर असेल तर दुखणं खाली स्टोरेजमध्ये किंवा तिथवरच्या वाटेत. तिथे 'मंद' चालेल. फिरती डिस्क असेल तर काही मंदपणा जन्मजातच: मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी त्याचा निम्मा वेळ, आणि डोकं हलायचा वेळ वेगळा. विखुरलेलं वाचन असेल तर अशी एक डिस्क सेकंदाला वाचनाच्या शंभरच्या आसपासच विनंत्या पुऱ्या करते.

पण डीएव्हीजी दोन-तीन आणि केएव्हीजी तीस असेल तर डिस्क निर्दोष आहे. विनंत्या वरच रांगेत रखडल्यात. तिथे मी 'रखडणे' हाच शब्द लिहीन.

आणि रात्रीच्या बॅकअपला जे होतं ते तिसरंच. प्रत्येक विनंती वेळेत सुटते, पण एकूण ओघ पाइपात मावत नाही. त्याला आमच्याकडे सरळ 'तुंबलं' म्हणतात, आणि तुर्भ्याच्या पावसाळी नाल्याजवळ राहणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

महाप्याचा सपोर्टवाला
ताई, आत्ताच बघितलं. डीएव्हीजी २, केएव्हीजी ३४. व्हीएममधल्या लिनक्समध्ये आयओस्टॅट हे साधन मात्र अवेट, म्हणजे एका विनंतीला लागलेला सरासरी वेळ, ३६ दाखवतं, म्हणून आम्ही डिस्कवर खापर फोडत होतो.

ऐरोलीची अॅडमिन
अवेटमध्ये रांगेतला वेळही धरलेला असतो, आणि पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिमला (इथे तुमच्या लिनक्सला) व्हीएमच्या भिंतीपलीकडचं दिसत नाही. टक्के युटिल (डिस्क किती वेळ कामात होती) शंभर दिसलं म्हणूनही घाबरू नका, एसएसडी एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळते. व्हीएमच्या सेटिंगमध्ये त्या डिस्कवर आयओपीएसची (सेकंदाला किती वाचन-लेखनं, याची) मर्यादा कुणी लावलीये का ते बघा. डीएव्हीजी कमी आणि केएव्हीजी चढा, याचं ते नेहमीचं कारण आहे. ते नसेल तर रांगेची खोली, म्हणजे रांगेत एका वेळी किती विनंत्या मावतात ते, तपासा. आणि जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या-त्या वेळच्या जतन केलेल्या अवस्था) साचले असतील तर तेही काढा, साखळी लांबली की एका वाचनासाठी अनेक फायली धुंडाळाव्या लागतात.

महाप्याचा सपोर्टवाला
मर्यादा सापडली! ५०० वर बांधलेली. जुन्या टेम्प्लेटमधून आलीये.

ठाणेकर मास्तर
मग ही अडवणूक! 'अडथळा' आपोआप येतो, 'अडवणूक' कुणीतरी केलेली असते. अहवालात लिहा: 'डिस्क सुस्थितीत आहे. तिच्यावर घातलेल्या मर्यादेमुळे विनंत्या रखडत होत्या.' सचिव खर्च मंजूर करायला जाणार नाहीत.

बाकी 'आभासी डिस्क' लिहायला लाजू नका. शाळेच्या विज्ञानात आरशातली प्रतिमा आभासीच असते. दिसते, पण पडद्यावर धरता येत नाही. तुमच्या फाइलीचं तेच.

वाशीकर
मी फक्त वाचत होतो. एक शंका: आयओपीएस 'वाढले' की 'वाढली'? आमच्या ऑफिसात यावरून भांडणं आहेत.

ऐरोलीची अॅडमिन
'वाढले'. मनात 'ऑपरेशन्स' नाही, 'आकडे' असतात. लेटन्सी (विनंतीला लागणारा वेळ) मात्र ती, डिस्कही ती. आणि महापेकर, एक धोक्याची सूचना: राइट कॅशमध्ये काही बदल केलात तर पतसंस्थेच्या अहवालात 'कॅश बंद केली' असं लिहू नका. 'लेखनाची तात्पुरती साठवण' लिहा, भले ओळ लांबली तरी. नाहीतर उद्या दारात ठेवीदारांची रांग लागेल.